शॉट दहा सेकंदांत संपतो आणि आंबट लागतो: घरच्या एस्प्रेसोचं दुखणं कसं शोधायचं

बटण दाबल्यावर तीन-चार सेकंदांतच धार लागते. दहा-बारा सेकंदांत कप भरतो. रंग फिकट पिवळा, वरचा फेस, म्हणजे क्रेमा, विरळ, आणि कप टेबलावर येईपर्यंत तोही फाटून मधोमध काळा डाग दिसायला लागलेला. घोट घेतला की जिभेच्या कडांना आंबट झटका बसतो आणि मागोमाग काहीच येत नाही, नुसतं गरम पाणी. हँडल उघडलं तर चोथ्यात एखादं भोक. आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे हेच मशीन, हीच कॉफी गेल्या आठवड्यात झकास चालली होती.

हे मुख्य दुखणं. त्याची भावंडं अशी:

- दोन तोट्यांतून धार सारखी पडत नाही, किंवा उघड्या तळाच्या पोर्टाफिल्टरमधून, म्हणजे कॉफी भरायच्या हँडलमधून, बारीक चिळकांड्या उडतात.
- उलटं टोक: अर्धा मिनिट काहीच नाही, मग काळपट थेंब. चव जळकी, घशाला कोरड पाडणारी.
- हँडलच्या कडेने पाणी झिरपतं.
- पंप खडखडतो, पण पाणी येत नाही.
- एस्प्रेसो मार्टिनी (कॉफीचं कॉकटेल) कितीही हलवली तरी वर फेस धरत नाही.

ओळखीपाळखीतली मशीनं माझ्याकडे येत असतात आणि तक्रार जवळपास ठरलेली असते: ‘प्रेशर येत नाहीये, पंप गेला वाटतं.’ पंप क्वचितच गेलेला असतो. प्रेशर पंप एकटा तयार करत नाही. पंप पाणी ढकलतो आणि दाबलेली कॉफी त्याला अडवते. अडवणारं कोणी नसेल तर पंप कितीही दणकट असो, काटा हलत नाही. मशीनच्या खोक्यावर छापलेले ‘15 बार’ किंवा ‘20 बार’ हे पंपाची कमाल ताकद सांगतात, कपात उतरणाऱ्या कॉफीवरचा दाब नव्हे. एस्प्रेसोला लागतात साधारण 9 बार. म्हणून शोध कॉफीपासून सुरू करायचा आणि पंपापाशी शेवटी पोचायचं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

एक नियम आधीच सांगून ठेवतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण बारीक केलं, डोस, म्हणजे पुडीचं वजन, वाढवला आणि तापमानही चढवलं, अन् मग शॉट सुधारला, तर कशाने सुधारला ते कधीच कळणार नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून शोधत बसाल.

आधी वजन करा

ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा नसेल तर निदान होणार नाही, नुसते अंदाज होतील. बास्केटमध्ये, म्हणजे हँडलमधल्या भोकांच्या वाटीत, किती ग्रॅम पूड गेली, कपात किती ग्रॅम कॉफी आली आणि पंप सुरू केल्यापासून किती सेकंद लागले, हे तीन आकडे लिहून ठेवा. सुरुवातीचं माप म्हणून 18 ग्रॅम पूड, 36 ग्रॅम कॉफी, 25 ते 30 सेकंद धरा. तुमची बास्केट 14 ग्रॅमची असेल तर कपात 28. चमच्याने घेतलेली पूड रोज दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे होते आणि तेवढ्याने धारेचा वेग सहज बदलतो. ‘मी काहीच बदललं नाही, तरी चव बदलली’ असं म्हणणाऱ्यांचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं.

डोस कमी पडतोय का, हे पाहायची सोपी युक्ती: पूड दाबून झाली की तिच्यावर एक पातळ नाणं ठेवा, हँडल मशीनला लावा आणि पाणी न सोडता काढून घ्या. नाणं कॉफीत खोल रुतलं असेल तर पूड जास्त आहे. अगदी हलकं टेकल्यासारखं दिसत असेल तर ठीक. टेकलंच नसेल आणि वर बरीच जागा उरली असेल, तर एखादा ग्रॅम वाढवून पाहा. नाणं काढायला विसरू नका.

मशीन खरंच तापलंय का

फुकटातली तपासणी, पण सर्वांत जास्त वगळली जाणारी. दिवा हिरवा झाला म्हणजे बॉयलरमधलं पाणी तापलं, एवढंच. पोर्टाफिल्टर मात्र अजून गार असतो. मोठ्या मशीनचा पितळी पोर्टाफिल्टर अर्ध्या किलोच्या घरात भरतो. 93 अंशांचं पाणी त्या थंड धातूला भिडलं की तिथेच काही अंश गमावून बसतं. कमी तापमानात कॉफीतला आंबटपणा लगेच उतरतो, गोडवा आणि जडपणा मागेच राहतात.

बॉयलरवाल्या मशीनला हँडल लावून ठेवून 20 ते 30 मिनिटं द्या. झटपट तापणाऱ्या थर्मोब्लॉकच्या मशीनमध्ये एवढं थांबायची गरज नाही, पण कॉफी न भरता, रिकामी बास्केट लावून दोनदा गरम पाणी सोडा. धातूला बोट लावताच झटकन मागे घ्यावंसं वाटलं तर तयार. कपही याच पाण्याने गरम होतो.

सकाळचा पहिला शॉट आंबट आणि दुसरा-तिसरा ठीक येत असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. दोष इथेच आहे.

बास्केट कुठली आहे

बास्केट उलटी करून उजेडापुढे धरा. आतून शेकडो भोकं दिसतात, पण बाहेरच्या तळाला एकच सुईएवढं भोक आहे? मग ती दुहेरी भिंतीची, म्हणजे प्रेशराइज्ड बास्केट. यात अडवण्याचं काम कॉफी नव्हे, ते एक भोक करतं. त्यामुळे विकतची जाडसर पूडही त्यातून बरी उतरते आणि वर फेस येतो. बाहेरही शेकडो भोकं असतील तर ती साधी, एकेरी बास्केट, आणि तिथे सगळी मदार दळणावर.

नेहमीचा घोटाळा असा: कोणीतरी सांगतं की एकेरी बास्केट चांगली, म्हणून ती आणली जाते, पण पूड तीच जुनी, तयार पाकिटातली. ती पूड फिल्टरसाठी किंवा मोका पॉटसाठी दळलेली असते. पाणी तिच्यातून सरळ निघून जातं. घरी चांगला ग्राइंडर नसेल तर दुहेरी बास्केट वापरण्यात काही कमीपणा नाही. सुपरमार्केटची पूड आणि एकेरी बास्केट ही जोडी मात्र जमत नाही.

दुहेरी बास्केटची स्वतःची खोडी म्हणजे ते एक भोक बुजतं. थेंब थेंब येऊ लागलं की आधी बारीक टाचणीने ते मोकळं करा आणि बास्केट गरम पाण्यात भिजत घाला.

कॉफी किती शिळी आहे

पाकिटावर भाजल्याची तारीख शोधा. वापरण्याची अंतिम तारीख काही कामाची नाही, ती वर्षभर पुढची असते. भाजलेल्या बीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो आणि तो हळूहळू निसटत राहतो. क्रेमा म्हणजे मुख्यतः हाच वायू, दाबाखाली कॉफीच्या तेलात आणि पाण्यात घुसळला गेलेला. वायू गेला की क्रेमा गेला. शिवाय शिळी पूड पाण्याला कमी अडवते, म्हणून धारही वेगाने पडते.

‘गेल्या आठवड्यात चांगली होती’ याचं कारण बहुधा हेच. बी म्हातारी होत गेली, दळण मात्र तिथेच राहिलं. भाजल्यानंतर साधारण आठवडा ते महिना हा माझा वापरायचा काळ. तीन आठवड्यांपुढे दर काही दिवसांनी दळण किंचित बारीक करावं लागतं, आणि तो दोष नाही, स्वभाव आहे. पाकीट उघडल्यावर दोन आठवड्यांत संपवा. जास्त असेल तर हवाबंद छोट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका. पण गार पुडी उघडून उरलेली परत आत ठेवू नका, बीवर दव धरतं.

कालच भाजलेली कॉफीही त्रास देते. वायू इतका असतो की पाण्याला एकसारखं भिनू देत नाही. मग मोठमोठे बुडबुडे असलेला भरघोस क्रेमा येतो आणि खाली चव कच्ची. अशी कॉफी चार-पाच दिवस तशीच राहू द्या.

क्रेमावर जास्त भरवसा ठेवू नका, हेही इथेच सांगतो. रोबस्टा जातीची बी मिसळलेल्या कॉफीला क्रेमा दाट येतो आणि चव ठीकठाकच असते. हलक्या भाजणीची उत्तम अरेबिका जातीची कॉफी पातळ क्रेमा देते. 1940च्या दशकाच्या अखेरीस इटलीतल्या अकिले गाज्जियाची स्प्रिंग लावलेली लिव्हर मशीनं आली, तेव्हा वरचा हा फेस लोकांना नवा होता. त्यांना तो कसलातरी मळ वाटायचा. आता उलट झालंय, फेस नसेल तर लोक मशीन परत करायला निघतात.

दळण: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

इथवर सगळं ठीक असेल तर आता ग्राइंडरकडे वळा. शॉट 15 सेकंदांत संपत असेल तर एक खाच बारीक. पुन्हा मोजा. अजून 20 सेकंद? आणखी एक खाच. 40च्या पुढे गेला आणि कडवट, कोरडा लागायला लागला तर एक खाच मागे. सांगायला इतकंच आहे, पण यात दोन-तीन ठिकाणी लोक हमखास अडकतात.

पहिलं, ग्राइंडरच्या आत आधीच्या मापाची पूड साठलेली असते. खाच बदलल्यावर पहिले तीन-चार ग्रॅम त्या जुन्या पुडीचे असतात. ते टाकून दिले नाहीत तर शॉट आधीसारखाच येतो, तुम्ही आणखी दोन खाचा बारीक करता, आणि त्याच्या पुढचा शॉट एकदम तुंबतो. ‘माझा ग्राइंडर मनमानी करतो’ अशी तक्रार आली की मी हाच प्रश्न आधी विचारतो.

दुसरं, विजेवरचा ग्राइंडर बारीक करताना मोटर चालू ठेवून फिरवा. बंद असताना घट्ट केलं तर दातांच्या मध्ये अडकलेली बी चिरडते आणि माप चुकतं, कधी ग्राइंडर अडकूनही बसतो.

तिसरं, ब्लेड असलेला ग्राइंडर, म्हणजे मसाला वाटायच्या भांड्यासारखा, एकेरी बास्केटसाठी चालणारच नाही. त्यातून अर्धी पूड पिठासारखी आणि अर्धी रव्यासारखी निघते. पीठ कडवट उतरतं, रवा आंबट, आणि कपात दोन्ही एकदम. चकत्यांचा, म्हणजे बर असलेला ग्राइंडर हवा. हाताने फिरवायचा चांगला असेल तरी उत्तम. पैसे कुठे घालू, असं कोणी विचारलं तर मी नेहमी सांगतो की मशीनपेक्षा ग्राइंडरमध्ये घाला.

खाच शेवटाला टेकली आणि तरीही शॉट पळतोय, तर काही ग्राइंडरमध्ये वरच्या चकतीचं माप आतून आणखी सरकवता येतं, मॅन्युअल पाहा. तेही झालं असेल आणि ग्राइंडर बराच वापरलेला असेल तर चकत्या झिजल्यात. बोट फिरवून कडा बोथट लागते का पाहा, अर्थातच प्लग काढून. काळपट, तेलकट भाजणीची बी वापरत असाल तर झिजण्याआधी त्या तेलाने माखतात. कोरड्या ब्रशने साफ करा. पाण्याने धुऊ नका, पोलाद गंजतं. आणि तांदूळ दळून ग्राइंडर साफ करण्याचा सल्ला कुठे वाचला असेल तर सोडून द्या. कच्चा तांदूळ भाजलेल्या बीपेक्षा कितीतरी कठीण असतो, मोटरवर ताण येतो.

हवेतला दमटपणा बदलला की तेच दळण वेगळं वागतं. पावसाळी आणि कोरड्या दिवसांत खाच एखाद-दोन इकडेतिकडे होणारच.

आंबट की कडू, याचीच खात्री नसेल तर

बऱ्याच जणांना दोन्ही चवी ‘कडक’ वाटतात आणि मग ते चुकीच्या दिशेला खाच फिरवतात. एकदा हे करून पाहा: तीन छोटे कप घ्या. एकाच शॉटचे पहिले दहा सेकंद पहिल्या कपात, पुढचे दहा दुसऱ्यात, शेवटचे तिसऱ्यात. पहिला कप घट्ट, गडद, आंबट आणि जवळजवळ खारट. दुसरा मवाळ, गोडसर. तिसरा पातळ, फिका, कडवट. तुमचा बिघडलेला शॉट पहिल्यासारखा लागतोय की तिसऱ्यासारखा? पहिल्यासारखा असेल तर कॉफी पुरती उतरलेली नाही: बारीक दळा, पाणी गरम ठेवा. तिसऱ्यासारखा असेल तर जास्त उतरली: जाड करा किंवा आधी थांबवा.

पूड सारखी पसरली आहे का

वेळ 27 सेकंद, वजन 36 ग्रॅम, तरीही एकाच घोटात आंबटही आणि कडूही लागतंय, चिळकांड्या उडतायत? मग पाण्याने कुठेतरी वाट काढली आहे. 9 बारचं पाणी दाबलेल्या पुडीच्या चकतीतली कमकुवत जागा शोधतं, बांधाला उंदराचं बीळ सापडावं तसं, आणि मग सगळं तिथूनच धावतं. त्या वाटेवरची पूड धुऊन निघते, बाकीची कोरडीच राहते.

कारण बहुतेक वेळा गुठळ्या. बारीक दळलेल्या पुडीत त्या होतातच. अगदी बारीक सुईने, बुचाला तीन-चार सुया टोचून केलेल्या साधनानेसुद्धा, पूड तळापासून ढवळा, कडेकडेनेही. मग हँडल हलकेच टेकवून पातळी सारखी करा आणि दाबा. किती जोराने दाबायचं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पूड पूर्ण बसेपर्यंत दाबा, त्यापुढचा जोर वाया जातो. सरळ दाबणं मात्र महत्त्वाचं. टॅम्पर, म्हणजे पूड दाबायचा ठोकळा, तिरका गेला तर पुडीची चकती एका बाजूला पातळ होते, पाणी तिथून निघतं आणि दोन तोट्यांची धार वेगळी पडते. दाबल्यावर हँडलला बाजूने टॅम्परने टकटक करायची सवय असेल तर सोडा, चकतीला कडेने तडा जातो.

नुसता ओला चोथा पाहून घाबरू नका. मशीनला तीन तोंडांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असेल तर शॉट संपताच ‘फुस्स’ आवाज येतो, उरलेला दाब ड्रिप ट्रेमध्ये जातो आणि चोथा कोरडा, घट्ट निघतो. स्वस्त मशीनमध्ये हा व्हॉल्व्ह नसतो, तिथे चोथ्यावर पाणी साचणं स्वाभाविक आहे. अशा मशीनचं हँडल शॉटनंतर अर्धा मिनिट थांबूनच काढा. आत दाब उरलेला असतो आणि गरम चोथा अंगावर उडतो. आधी ‘फुस्स’ व्हायचं आणि आता बंद झालं, तर व्हॉल्व्ह चोंदला आहे, पुढचं वाचा.

जाळी आणि तेल

हँडल जिथे लागतं तिथे वर एक जाळी असते. मधला स्क्रू काढला की ती खाली येते. उलटी करून पाहा. काळा चिकट थर असेल आणि जुन्या तेलासारखा खवट वास येत असेल, तर चव का बिघडली ते समजलंच. शिवाय भोकं बुजल्याने पाणी एकाच बाजूने पडतं. कॉफी मशीनच्या डिटर्जंटमध्ये गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, घासा, धुवा. बास्केटही त्यातच. प्लॅस्टिकची मूठ बुडवू नका.

सोलेनॉइड व्हॉल्व्ह असलेल्या मशीनला बंद तळाची बास्केट लावून, चिमूटभर डिटर्जंट टाकून बॅकफ्लश करा, म्हणजे पाणी उलटं फिरवून आतली वाट धुवा: दहा सेकंद पंप चालू, दहा बंद, पाच-सहा वेळा, मग तेच नुसत्या पाण्याने. व्हॉल्व्ह नसलेल्या मशीनला हे करू नका. दाबाला बाहेर पडायला वाट नसते, तो पंपावर आणि जोडांवर येतो.

गॅस्केट

कडेने पाणी झिरपत असेल, किंवा पूर्वी समोर येऊन थांबणारं हँडल आता पार उजवीकडे सरकत असेल, तर रबरी गॅस्केट कडक झालंय. आधी त्यातली पूड पुसून पाहा. नुसत्या अडकलेल्या कणांमुळेही गळती होते. तरी थांबली नाही तर बदला. स्वस्त भाग आहे, रोजच्या वापरात दीड-दोन वर्षांत जातोच. जुनं रबर टोच्याने उपसून काढावं लागतं, कधी तुकड्यातुकड्यांनी. नवं घेताना व्यास आणि जाडी दोन्ही मोजा, अर्धा मिलिमीटर फरकानेही हँडल बसत नाही. मिळालं तर सिलिकॉनचं घ्या, जास्त टिकतं.

दहा सेकंदांची परीक्षा, आणि क्षार

आता मशीनच्या आत. हँडल न लावता पंप बरोबर दहा सेकंद चालवा आणि पडलेलं पाणी मोजा. हा आकडा मशीन चांगलं चालत असतानाच काढून टाकीच्या झाकणाच्या आतून लिहून ठेवावा. पुढे कधी तो अर्ध्यावर आला तर वाट आतून बुजतेय किंवा पंप थकलाय. तेवढाच असेल तर पंप आणि नळ्या निर्दोष, पुन्हा दळणाकडे जा.

वाट बुजते ती बहुधा क्षारांनी. कठीण पाणी तापलं की त्यातला चुना भांड्याच्या तळाशी धरतो तसाच बॉयलरला धरतो. पाणी हळू येतं, तापमान चुकतं, वाफ कमी पडते. पाण्याचा कडकपणा साधारण 50 ते 100 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असेल तर चवीला आणि बॉयलरला दोन्हींना मानवतो. चाचणीच्या पट्ट्यांनी घरी पाहता येतं. म्हणून अगदी शुद्ध, शून्याजवळचं पाणी घालावं असंही नाही. त्यात कॉफी सपक लागते, आणि काही बॉयलर पाण्याची पातळी त्यातून जाणाऱ्या विजेवरून ओळखतात, त्यांना असं पाणी दिसतच नाही. ते भरतच राहतात.

डिस्केलिंगसाठी, म्हणजे हे क्षार काढण्यासाठी, उत्पादकाने सांगितलेली पूड, नाहीतर एक लिटर पाण्याला 20 ग्रॅम सायट्रिक अॅसिड. अर्धी टाकीभर हे पाणी हँडल लागतं त्या तोंडातून आणि वाफेच्या नळीतून थोडं थोडं सोडा, मध्ये पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, मग दोन-तीन टाक्या स्वच्छ पाणी. व्हिनेगर नको, वास आठवडाभर जात नाही. अॅल्युमिनियमच्या बॉयलरला अॅसिड जास्त वेळ ठेवू नका. मॅन्युअलमध्ये घरी डिस्केलिंग करायला मनाई असेल तर ती पाळा. जुना जाड थर सुटून त्याचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि हळू चालणारं मशीन पुरतं बंद पडतं.

पंप ओरडतो, पाणी नाही

टाकी नीट बसली आहे का, तळाची गाळणी तुंबली आहे का, नळी मुडपली आहे का, हे आधी पाहा. सगळं ठीक असेल तर आत हवा अडकली आहे. गरम पाण्याची किंवा वाफेची तोटी उघडा आणि पंप थोडा थोडा वेळ चालवा. तिथून वाट सोपी असते, हवा निघून जाते आणि आवाज एकदम जड, घुमल्यासारखा होतो. हा आवाज ओळखायला शिका: मोकळा खडखडाट म्हणजे पंपापुढे पाणीच नाही, दबलेली घरघर म्हणजे तो काम करतोय. कोरडा पंप मिनिटभरापेक्षा जास्त चालवू नका, गरम होऊन तोच जळतो.

मार्टिनीचा फेस

1980च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेलने बनवलेल्या या पेयात मुख्यतः व्होडका, कॉफी लिक्युअर आणि एस्प्रेसो असतं. फेसाची सगळी भिस्त शॉटवर. वरची सगळी कारणं इथेही लागू, म्हणजे शिळी बी आणि पळता शॉट असेल तर शेकर कितीही हलवा. शॉट चांगला असूनही फेस टिकत नसेल तर शॉट बराच वेळ ठेवलेला असतो, किंवा बर्फ आधीच पाणावलेला, किंवा शेकर काठोकाठ भरलेला. 50 मिली व्होडका, 20 मिली लिक्युअर, ताजा 30 मिली शॉट, फ्रीझरमधून आत्ता काढलेला कोरडा बर्फ, आणि 15 सेकंद हात दुखेपर्यंत. लगेच गाळा.

इथे थांबा

पुढचं काही दिसलं तर प्लग काढा आणि तंत्रज्ञाला बोलवा. स्वतः उघडू नका.

मशीन लावताच घरातला गळती-सुरक्षा स्विच पडतो, किंवा धातूला हात लावल्यावर झिणझिणी येते: हीटरमध्ये किंवा वायरिंगमध्ये पाणी पोचलंय. जळका वास. मशीनच्या खालून पाणी, ट्रे रिकामा असूनही. वरून किंवा मागून वाफ सतत फुसफुसते, म्हणजे सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतोय आणि बॉयलरचा दाब नियंत्रणात राहत नाहीये. तापमान थांबत नाही, पाण्याऐवजी वाफच थुंकतं. डिस्केलिंगनंतरही दहा सेकंदांचा आकडा अर्ध्यावरच आहे. बंद तळाची बास्केट लावल्यावर काटा 13-14 बारच्या वर जातो आणि तिथेच राहतो. आतला दाबाचा व्हॉल्व्ह काही मशीनमध्ये स्क्रूने जुळवता येतो, पण त्यासाठी कव्हर उघडून विजेच्या जोडांशेजारी हात घालावा लागतो. ते काम तंत्रज्ञाचं. वॉरंटी चालू असेल तर कव्हरच्या स्क्रूला हातच लावू नका.

बटण बंद केलं म्हणजे बॉयलरमधली वाफ गेली असं नसतं. ती बराच वेळ दाबाखाली राहते. मशीन हलवण्याआधी वाफेची तोटी उघडून दाब सोडा आणि पूर्ण गार होऊ द्या.

तंत्रज्ञाला ‘प्रेशर येत नाही’ एवढंच सांगू नका. किती ग्रॅमला किती सेकंद, हँडल न लावता दहा सेकंदांत किती पाणी, पंपाचा आवाज मोकळा की दबलेला, शेवटचं डिस्केलिंग कधी, आणि पाणी कुठलं घालता, हे लिहून द्या. जमलं तर शॉटचा व्हिडिओ, आवाजासकट.